सर्वरला न्हावरं मानवेना

त्या दिवशीची पहिली सूचना आली तेव्हा रोहिदास झुंबरबाईंच्या ओसरीवर बसून पोह्यांतले शेंगदाणे शोधत होता. सूचना मोबाइलवर आली होती, लाल रंगात होती, इंग्रजीत होती, आणि तिचा मथितार्थ असा की दूध संघाच्या मेल सर्वरची मेमरी अपुरी पडत असून पेजिंग प्रमाणाबाहेर गेलं आहे. रोहिदासनं ती वाचली, मोबाइल पालथा ठेवला आणि तो पुन्हा शेंगदाण्यांकडे वळला. कुणी याला निष्काळजीपणा म्हणेल. रोहिदास त्याला अनुभव म्हणत असे.

कारण ही सूचना रोज येई. सकाळच्या वेळी सर्वर आपल्याकडच्या सगळ्या मेलची दुसरीकडे नक्कल उतरवून ठेवायचा. तेवढा वेळ त्याची ओढाताण व्हायची आणि तो तक्रार करायचा. नक्कल झाली की आपोआप गप्प बसायचा. घरातल्या म्हाताऱ्याच्या खोकण्यासारखंच ते. रोजच्या वेळेला खोकला तर कुणी अंथरुणातून उठत नाही; भलत्या वेळेला खोकला तर मात्र उठून पाणी द्यावं लागतं. सूचना काय म्हणते यापेक्षा ती कधी येते हे महत्त्वाचं, एवढी गोष्ट भीमातीर सहकारी दूध संघाच्या संगणक विभागाला पक्की ठाऊक होती. संगणक विभाग म्हणजे रोहिदास, तो सर्वर आणि एक टेबलफॅन. फॅनचं तोंड कायम सर्वरकडे. रोहिदासला घाम आला तर त्यानं पुठ्ठ्यानं वारा घ्यावा, अशी संघाची अपेक्षा होती.

त्या दिवशी मात्र दुसरी सूचना दुपारी आली. तिच्या मागोमाग तिसरी. मग त्या येतच राहिल्या. रोहिदासनं आत जाऊन पाहिलं तर मोकळी मेमरी जवळजवळ संपलेली, आणि सर्वर हातातलं काम डिस्कवर नेऊन ठेवतोय, लगेच त्याचीच गरज पडली म्हणून परत आणतोय, ते आणायला दुसरं काहीतरी नेऊन ठेवतोय. प्रत्यक्ष काम शून्य. नुसती ने-आण. हे खोकणं नव्हतं, ही धाप होती.

संध्याकाळी त्यानं दौंडला बायकोला फोन केला. सुलक्षणा तिथल्या शाळेत शिक्षिका होती, त्यामुळे एखादी गोष्ट तिला समजावून सांगितली तरी आपणच वर्गात उभे आहोत असं रोहिदासला वाटायचं.

"पेजिंग म्हणजे नक्की काय?" तिनं विचारलं.

"आपल्या स्वयंपाकघरातला ओटा आठव. केवढा आहे?"

"तुम्ही निवडलेला. पोळपाट ठेवला की संपतो."

"तेच. मिक्सर हवा असला की तू पोळपाट उचलून आतल्या खोलीत ठेवतेस. मग पोळी लाटायची तर मिक्सर आत, पोळपाट बाहेर. पाहुणे दोन असले तर चालतं. वीस आले तर?"

"तर मी दिवसभर नुसती आत-बाहेर करीन आणि वीसही जण उपाशी राहतील."

"यालाच पेजिंग म्हणतात."

सुलक्षणा म्हणाली, "कळलं. पण हे वीस पाहुणे आले कुठून?"

तिचा प्रश्न नेहमीसारखा बरोबर होता आणि उत्तर रोहिदासला माहीत होतं. तेच तर त्याचं दुखणं होतं.

रोहिदास हा रविवारचा नवरा होता. शनिवारी संध्याकाळी न्हावऱ्याहून चौफुल्यापर्यंत एसटी, तिथून पाटसमार्गे मिळेल त्या वाहनानं दौंड, आणि सोमवारी पहाटे तीच वरात उलटी. बाकीचे दिवस झुंबरबाईंच्या भाड्याच्या खोलीत. दौंडच्या घरात त्याचे कपडे एका खणात राहत आणि त्याच्या खुर्चीवर आठवडाभर तपासायच्या वह्यांचा गठ्ठा बसे. रविवारी तो गठ्ठा उठून त्याला जागा देई. या जगण्याला तो आता इतका विटला होता, की चौफुल्याच्या कंडक्टरनं "काय साहेब, निघाला का पाहुणचाराला?" असं थट्टेनं विचारलं तरी तो खिडकीकडे तोंड फिरवून बसायचा. आणि अशात दूध संघानं दौंडला शाखा काढायचं ठरवलं. चेअरमन भिमाजीआप्पांनी रोहिदासला बोलावून, खांद्यावर हात ठेवून, शब्द दिला होता.

"माझ्या स्वप्नालीचं लगीन पार पडू दे. तवर संघाच्या यंत्राचं कायबी वाकडं हू देऊ नकोस. मंग दौंड तुझं."

आता गंमत अशी की यंत्राचं जे वाकडं होत होतं, ते स्वप्नालीच्या लग्नामुळेच होत होतं.

त्याचं असं झालं. आदल्या हंगामात एका संचालकानं पोराच्या लग्नाचं निमंत्रण व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं होतं. अर्धा मांडव ओस पडला. ज्यांना निमंत्रण पोचलं होतं ते न जाता घरी बसले आणि वर रुसले. "मोबाइलवरचं बोलावणं म्हंजी दुसऱ्याला पाठवलेलं चुकून आपल्याला आलं, असंच वाटतं," हे त्यावरचं सार्वत्रिक मत. आप्पांनी त्यातून धडा घेतला. पण घरोघर अक्षता घेऊन हिंडायला माणसं कुठून आणायची? तेव्हा त्यांना संघाच्या मेलची आठवण झाली. कुठल्याशा योजनेत गावोगावच्या डेअरीच्या सेक्रेटऱ्यांना आणि झाडून सगळ्या सभासदांना संघाचा मेलपत्ता दिलेला होता. तो कुणी वापरत नसे. निम्म्या लोकांचा पासवर्ड म्हशीचं नाव होता आणि म्हैस विकल्यावर तो विसरला गेला होता; पत्रिकेसाठी रोहिदासनं त्यांना नवा काढून दिला.

"मेल म्हंजी कागूद हाय," आप्पा म्हणाले. "संघाच्या नावानं जातोय. त्याला वजन हाय."

वजन होतंच. पत्रिकेत हलणारी फुलं होती, मागे सनई होती, आणि घरातल्या सगळ्या वडीलधाऱ्यांचे फेट्यातले फोटो होते. ती सगळ्यांना गेली आणि तासाभरात मांडवगण फराट्याहून आप्पांच्या चुलत्यांचा फोन आला, की माझं नाव धाकट्याच्या खाली कसं? पत्रिका सुधारून पुन्हा सगळ्यांना गेली. फक्त चुलत्यांना पाठवली असती तर रुसवा झाला होता हे उघड झालं असतं. मग कवठे येमाईच्या आत्याबाईंचे यजमान राहिले. मग नवऱ्यामुलाचे मामा. पहिल्या पत्रिकेमागून सुधारित आली, सुधारितमागून अंतिम, अंतिममागून सुधारित अंतिम. आणि दर पत्रिकेला लोक उत्तर देत होते. आणि ते एकट्या आप्पांना नव्हे, तर सगळ्यांना. कारण आशीर्वाद हा चारचौघांत द्यायचा असतो. गुपचूप दिलेल्या आशीर्वादाला कोण साक्ष? "शुभाशीर्वाद" या एका शब्दामागे अख्खी पत्रिका, फुलं, फेटे आणि सनई बांधली जाऊन सगळ्या तालुक्यात फिरत होती. ज्यानं उत्तर दिलं नाही त्याच्या लक्षात आलं की बाकीच्यांनी दिलंय, म्हणून त्यानं जरा मोठं दिलं.

रोहिदासनं एकदा चाचरत प्रयत्न करून पाहिला होता. "आप्पा, सगळ्यांना एकदम न पाठवता थोड्या थोड्या लोकांना..."

आप्पांनी चष्मा काढला. "कुणाला मागं ठिवू? तू नाव सांग."

नाव सांगण्याइतका रोहिदास वेडा नव्हता. शिवाय नाव सांगितलं असतं तर दौंड गेलं असतं. तो गप्प बसला, आणि सर्वर धापा टाकत राहिला.

संचालक मंडळापुढे त्यानं फक्त अर्धं खरं सांगितलं. मेमरी कमी पडते आहे, वाढवावी लागेल. तेही डेअरीच्या भाषेत सांगितलं: सॅम्पल तपासायचं टेबल लहान, आणि कॅन घेऊन आलेल्यांची रांग मोठी. मंडळाला हे पटलं. पटलं म्हणून प्रत्येकानं सल्ला दिला.

"बंद करून चालू करून बघितलं का?" एकानं विचारलं.

"बघितलं."

"मंग काही वेळ बंदच ठिवून बघा."

दुसऱ्यानं जुनी मेमरी दुकानदार परत घेईल का याची चौकशी केली. तिसरा म्हणाला, यंत्र एवढं बोंबलतंय तर बोंबलण्याचीच वायर काढा. शेवटी ठराव झाला की मेमरी घ्यावी, परंतु नियमाप्रमाणे तीन दुकानांची कोटेशनं आणावीत.

रोहिदास शिरूरला गेला. इतक्या जुन्या सर्वरची मेमरी मागवून देणारा दुकानदार सगळ्या शिरूरमध्ये एकच निघाला. तो मात्र सज्जन होता. रोहिदासची अडचण ऐकून त्यानं एक कोटेशन आपल्या दुकानाचं, एक बायकोच्या दुकानाचं आणि एक सासूच्या दुकानाचं असं जागच्या जागी लिहून दिलं. खरेदी समितीनं तिन्ही परत पाठवली. शेरा असा होता की तिन्ही दुकानदारांनी 'कोटेशन' हा शब्द एकाच वळणात काढला आहे. रोहिदास पुन्हा शिरूरला गेला. या वेळी सासूबाईंनी स्वतः लिहिलं. ते कुणालाच वाचता येईना.

इकडे झुंबरबाई रोज पोहे देताना सर्वरची तब्येत विचारायच्या. त्यांनी आयुष्यभर म्हशी पाळल्या होत्या आणि त्यांचं वैद्यक तेवढ्यावर उभं होतं.

"एकदा गिळलेलं परत वर आणतंय म्हनता न्हवं?"

"तसंच काहीसं."

"मंग ते रवंथ हाय, साहेब. रवंथ करणारं जनावर ठणठणीत असतं. काळजी कशाला करायची?"

"पण ते दिवसभर करतंय, मावशी. खाणं बंदच आहे."

झुंबरबाईंनी थोडा विचार केला. "मंग त्येला कुणीतरी लई चारलंय," त्या म्हणाल्या, आणि रोहिदासनं मान खाली घालून पोहे संपवले.

शनिवार आला. जावं की न जावं या विचारात रोहिदासनं तीन एसट्या सोडल्या आणि चौथीत चढला. जाताना त्यानं चिलिंग प्लँटच्या ज्योतिबाला सर्वरवर लक्ष ठेवायला सांगितलं. ज्योतिबा भला माणूस होता. दुधाचे कॅन थंड करण्यात त्याची हयात गेली होती आणि त्यातून त्याला जगाविषयी एक सिद्धान्त सापडला होता: जे काही नासतं ते उष्णतेनं नासतं.

रविवारी दुपारी सर्वरवरचा दिवा लाल झाला आणि आतला पंखा घोंगावायला लागला. ज्योतिबानं हात लावून पाहिला. तापलेला. त्यानं रोहिदासला फोन लावला. पण सुलक्षणानं सकाळीच तो मोबाइल काढून घेऊन पिठाच्या डब्यात ठेवला होता, कारण तो रविवार होता आणि तिला नवरा हवा होता. डब्यातल्या डब्यात मोबाइल वाजला आणि पिठानं तो आवाज गिळला. ज्योतिबानं पाच-सहा वेळा लावला. मग स्वतःच्या जबाबदारीवर निर्णय घेतला. दोन हमाल बोलावून त्यानं सर्वर उचलला आणि कोल्ड रूममध्ये नेऊन श्रीखंडाचे डबे आणि पनीर यांच्या मधोमध ठेवला.

"आन् साहेब, ठिवल्या ठिवल्या शांत झालं बघा!" त्यानं नंतर सांगितलं. शांत होणारच होतं. त्यानं वायर काढली होती.

सोमवारी सकाळी रोहिदास येण्याआधी त्याला आनंदाचा धक्का द्यावा म्हणून ज्योतिबानं गारठलेला सर्वर बाहेर आणून जागेवर मांडला. फ्रीजमधून काढलेल्या बाटलीला फुटतो तसा त्याला आतून-बाहेरून घाम फुटला. बाहेरचा ज्योतिबानं कॅन पुसायच्या फडक्यानं पुसून घेतला. मग वायर लावली. रोहिदास दारात पाऊल ठेवत असतानाच आतून फट असा आवाज आला, पाठोपाठ जळका वास आला, आणि खोलीत श्रीखंडाच्या वेलदोड्याचाही मंद दरवळ होता.

चौफुल्यापासून उभ्यानं प्रवास करून आलेल्या माणसाच्या अंगात ओरडायचं बळ नसतं. रोहिदास खुर्चीवर बसला. टेबलफॅन अजूनही सर्वरला वारा घालत होता. त्यानं फॅनचं तोंड आपल्याकडे वळवून घेतलं. आजवर प्रथमच.

शिरूरच्या दुकानदारानं फोनवर सांगितलं, की उघडून सावलीत वाळवा, मी येतो, जळलेला भाग बदलू, बहुधा वाचेल. पण लग्न तोंडावर आलेलं आणि नवऱ्यामुलाच्या मामांचं नाव असलेली शेवटची बरोबर पत्रिका त्याच्या पोटात अडकलेली. निम्म्या लोकांकडे चुकीची पत्रिका होती आणि फोनवर फोन येत होते. आप्पांच्या घरी गिताबाई, म्हणजे आप्पांच्या मंडळी, एवढंच म्हणाल्या, "मी पयल्यापासनं सांगत हुते, अक्षता घिऊन माणूस धाडा." आप्पांनी रोहिदासकडे पाहिलं.

"संगणक विभागानं केलेलं संगणक विभागानंच निस्तरायचं."

अशा रीतीनं संगणक विभागप्रमुख काखेत छापील पत्रिकांची पिशवी आणि खिशात हळदीकुंकू लावलेल्या अक्षता घेऊन ज्योतिबाच्या मोटरसायकलवर मागे बसले. गावामागून गाव. प्रत्येक दारात अक्षता द्यायच्या, "आप्पांनी आग्रहानं बोलावलंय, सगळ्यांनी यायचं," असं म्हणायचं, आणि चहा प्यायचा. चहाला नाही म्हणायची सोय नव्हती. एका घरी घेतला आणि दुसऱ्या घरी नाकारला तर नवी सुधारित पत्रिका काढावी लागली असती. मांडवगणच्या चुलत्यांनी अक्षता कपाळाला लावून घेतल्या आणि चक्क डोळे पुसले.

"मेल आला हुता की," ते म्हणाले. "चार येळा आला. पन बोलावणं आज आलं."

रोहिदासच्या मनात आलं, की सर्वर मेला नसता तर या म्हाताऱ्याला हे सुख मिळालं नसतं. पण ते सुख मिळवून देण्याचा मान मोटरसायकलच्या मागच्या सीटवर बसून घ्यावा लागतो, आणि त्या सीटचा फोम केव्हाच संपलेला होता. पुढे बसलेला ज्योतिबा दर थोड्या वेळानं मान वळवून विचारत होता, "साहेब, ऊन लागतंय का? रुमाल देऊ का?" त्याच्या आवाजात गुन्हेगाराची काळजी होती. एकदा त्यानं गाडी बाजूला घेतली आणि म्हणाला, "तुमचं दौंड माझ्यापायी ऱ्हायलं, व्हय ना?" रोहिदास म्हणाला, "चल, अजून कवठं राहिलंय."

दोघं परतले तेव्हा आप्पांच्या दारात मांडव उभा राहत होता. संचालक मंडळी खुर्च्यांवर बसून मांडव घालणाऱ्यांना सल्ले देत होती. आप्पांनी ज्योतिबाला पाहिलं आणि त्यांचा पारा चढला.

"ह्यानं संघाचं यंत्र मारलं. लगीन झालं की ह्येला घरी बसवा."

ज्योतिबानं मान खाली घातली. रोहिदासच्या लक्षात आलं, की आता आपण काहीही करायचं नाहीये. नुसतं गप्प राहायचं आहे. दोष ज्योतिबाचा ठरला की संगणक विभाग निर्दोष, आणि निर्दोष विभागप्रमुखाला दौंड. इतके दिवस तो गप्पच तर होता. आणखी एकदा गप्प बसायला असं काय लागतं? पण दिवसभराचा चहा त्याच्या पोटात जळत होता, पाठीचे टाके ढिले झाले होते, आणि खोटं बोलायलाच काय, खोटं गप्प बसायलाही थोडी ताकद लागते. ती त्याच्याकडे उरली नव्हती.

"आप्पा," तो म्हणाला, "ज्योतिबानं ते मारलं नाही. ते आधीच मरत होतं."

"कशानं?"

"पत्रिकेनं."

शिडीवर खिळे ठोकणारा माणूससुद्धा थांबला. रोहिदासनं मग सगळं सांगून टाकलं: हलणारी फुलं, सनई, फेटे, सुधारित अंतिम, चारचौघांतले आशीर्वाद. एकदा सुरू झाल्यावर त्याला थांबवेना. "सूचना पहिल्या दिवसापासून येत होत्या. मला त्या वाचता येत होत्या."

"मंग बोलला का न्हाईस?"

"दौंडसाठी."

हे मोठ्यानं म्हटल्यावर ते किती लहान वाटतं, हे त्याला तेव्हा कळलं आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. कुणाला वाटलं धूळ गेली.

आप्पा हळू आवाजात म्हणाले, "म्हंजी माझ्या लेकीच्या पत्रिकेनं दूध संघाचं यंत्र मेलं, असं पावण्यांनी म्हनायचं?"

आतून गिताबाईंचा आवाज आला, "लग्नाघरी मरायच्या गोष्टी बोलू नगा!" आणि विषय तिथेच मिटला. रोहिदासनं मनातल्या मनात दौंडवर पाणी सोडलं. रात्री सुलक्षणाला फोनवर त्यानं तेवढंच सांगितलं. ती म्हणाली, "ज्योतिबाची नोकरी राहिली ना?" "राहिली." "मग झोपा आता," ती म्हणाली, पण फोन मात्र तिनंही लगेच ठेवला नाही.

लग्न झोकात झालं. मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती. रोहिदासला प्रवेशद्वारापाशी गुलाबपाणी शिंपडायच्या कामावर ठेवलं होतं आणि ते त्यानं मन लावून केलं.

शिरूरच्या दुकानदारानं जळलेला भाग बदलून सर्वर चालू केला, तरी त्यानंतरच्या सभेत तो का बिघडला होता याचं कारण नोंदवणं भाग होतं. पत्रिका हे कारण अर्थातच नव्हतं. ज्योतिबा हे कारणही आता राहिलं नव्हतं, कारण रोहिदासनं सगळ्यांसमोर त्याला सोडवून ठेवलं होतं. मग राहिलं काय? मंडळ चिंतेत पडलं. तेव्हा आप्पा खाकरले.

"काही जित्राबांना जागा मानवत न्हाई. माझी एक बैलजोडी हुती. इथं आणली की चारा तोडायची न्हाई. नदीपल्याड नेली की खुश्शाल." त्यांनी सगळ्यांवरून नजर फिरवली. "ह्या यंत्राला न्हावरं मानवलं न्हाई."

संचालकांचे चेहरे उजळले. हे कुणालाही लागत नव्हतं. उसाच्या ट्रॉल्यांची धूळ, कांद्याची उग्र हवा, बोअरचं जड पाणी. सर्वर पाणी पीत नाही याची आठवण कुणी दिली नाही. सर्वर दौंड शाखेत हलवावा असा ठराव एकमतानं झाला.

"पन तिथं त्येला वारा कोण घालणार?" एका संचालकानं विचारलं.

"रोहिदास जाईल की संगं," आप्पा म्हणाले. असं म्हणताना त्यांनी रोहिदासकडे पाहिलं नाही. पण शब्द पाळल्यावर माणूस बसतो तसे ते खुर्चीत मागे टेकून बसले.

आदेशात सर्वरचं नाव ठळक होतं, त्याचा नंबर होता, खरेदीचं साल होतं. सगळ्यात खाली लिहिलं होतं: 'सोबत – वायर, टेबलफॅन व श्री. रोहिदास.' विभागप्रमुखाच्या स्वाभिमानाला हे फार लागलं. फॅननंतर? त्यानं तो कागद पुन्हा वाचला, तेव्हा त्याला त्यात फक्त 'दौंड' एवढंच दिसलं, आणि तो झुंबरबाईंना सांगायला धावत सुटला. झुंबरबाईंनी त्याच्या हातावर साखर ठेवली आणि सर्वरला आता जास्त चारू नका म्हणून बजावलं.

दौंड शाखेच्या इमारतीला अजून स्लॅब पडायचा होता, हे रोहिदासला टेम्पो निघाल्यावर कळलं. तोपर्यंत यंत्र तात्पुरतं रोहिदासच्या घरी राहील, असं परस्पर ठरलं होतं. सुलक्षणानं दार उघडलं तर दारात नवरा, नवऱ्यामागे ज्योतिबा, ज्योतिबाच्या आणि हमालाच्या हातांत सर्वर, आणि सर्वरवर आडवा ठेवलेला टेबलफॅन. तिनं आधी यंत्राकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

"किती दिवस?" तिनं विचारलं.

"ते की मी?"

"दोघंही."

घर म्हणजे दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. सर्वर हॉलमध्ये पंख्याखाली ठेवायचा म्हणून शिलाई मशीन आत गेलं. ते आत मावावं म्हणून पिठाचा डबा गॅलरीत गेला. गॅलरीतला कपड्यांचा स्टँड हॉलमध्ये आला. ओल्या कपड्यांजवळ सर्वर नको म्हणून स्टँड पुन्हा आत गेला आणि शिलाई मशीन बाहेर आलं. वह्यांच्या गठ्ठ्याला खुर्ची सोडावी लागली. तो आधी पलंगावर, मग पलंगाखाली आणि शेवटी ओट्यावर जाऊन बसला. संध्याकाळी कणीक मळायची म्हणून सुलक्षणा पीठ आणायला निघाली, तर गॅलरीच्या दाराशी शिलाई मशीन. ते तिनं सरकवलं तर कपड्यांचा स्टँड आडवा. शेवटी डबा हाती लागला आणि तो उचलून ती स्वयंपाकघरात आली, तर ओट्यावर वह्या. डबा कवेत घेऊन ती जागच्या जागी उभी राहिली.

तेवढ्यात रोहिदासच्या मोबाइलवर लाल सूचना आली. भर संध्याकाळी, नकलेची वेळ नव्हती. लग्नाला आल्याबद्दल आप्पांनी सगळ्यांचे आभार मानले होते, फोटोंसह, आणि सगळ्यांनी सगळ्यांना "आम्हीच आभारी आहोत" असं कळवलं होतं. मेमरीची कोटेशनं अजून खरेदी समितीकडे होती.

"काय म्हणतंय?" सुलक्षणानं विचारलं.

"जागा कमी पडतेय. हातातलं आत नेऊन ठेवतंय, लगेच परत बाहेर आणतंय. काम मात्र काहीच होत नाही."

सुलक्षणानं कवेतल्या डब्याकडे पाहिलं. मग ओट्यावरच्या वह्यांकडे. "हे त्याचं सांगताय की माझं?"

रोहिदासनं मोबाइल पालथा ठेवला. उठून तिच्या कवेतला डबा घेतला आणि ती वह्या उचलेपर्यंत तसाच धरून उभा राहिला. हॉलमध्ये सर्वर धापा टाकत होता. आज मंगळवार होता, आणि तो घरी होता.